जिल्ह्यांचे आकडे, लोकांचं आरोग्य आणि नियोजन: बहुचल सांख्यिकीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिल्हा नियोजनाचे आराखडे करणारे अधिकारी, तालुका आरोग्य कार्यालयातले कर्मचारी, संख्याशास्त्राचे विद्यार्थी आणि पत्रकार यांच्याकडून तेच तेच प्रश्न येत राहतात. ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं बहुतेक महाराष्ट्राची आहेत, कारण माझं काम याच आकड्यांवर चालतं. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. बहुचल सांख्यिकी म्हणजे नेमकं काय? साधी टक्केवारी पुरत नाही का?

एका वेळी एकच रकाना वाचला तर टक्केवारी पुरते. पण मूल कुपोषित होतं तेव्हा आईचं वय, तिचं शिक्षण, घरातलं पाणी, शौचालय, दवाखान्याचं अंतर, हंगाम असं सगळं एकदम काम करत असतं. हे अनेक चल एकत्र ठेवून ते कसे मिळून हलतात हे पाहणं म्हणजे बहुचल सांख्यिकी.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी (२०१९-२१) घ्या. पाच वर्षांखालच्या खुज्या, म्हणजे वयाच्या मानाने उंची कमी असलेल्या, मुलांचं प्रमाण महाराष्ट्रात ३५.२ टक्के आणि देशात ३५.५ टक्के, म्हणजे जवळपास सारखंच. पण उंचीच्या मानाने वजन कमी असलेली, म्हणजे रोडावलेली मुलं महाराष्ट्रात २५.६ टक्के आणि देशात १९.३ टक्के आहेत. दरडोई उत्पन्नात आपलं राज्य देशाच्या सरासरीच्या बरंच पुढे आहे. उत्पन्नाचा रकाना वाचणारा माणूस निश्चिंत होईल आणि रोडावलेल्या मुलांचा रकाना वाचणाऱ्याची झोप उडेल. दोघांसमोर राज्य एकच आहे.

२. कोणत्या पद्धती खरोखर वापरात आहेत?

चार नावं लक्षात ठेवली तरी बहुतेक अहवाल वाचता येतात.

मुख्य घटक विश्लेषण, म्हणजे प्रिन्सिपल कंपोनंट अॅनालिसिस. कार्ल पिअर्सन यांनी १९०१ मध्ये आणि हॅरॉल्ड हॉटेलिंग यांनी १९३३ मध्ये ही पद्धत मांडली. एकमेकांशी बांधलेल्या वीस रकान्यांतून दोन-तीन नवे रकाने काढायचे आणि त्यांत मूळ फरकांचा जास्तीत जास्त भाग पकडायचा, हे तिचं काम. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातला 'संपत्ती निर्देशांक' याच मार्गाने तयार होतो. त्यात उत्पन्न विचारत नाहीत. घराचं बांधकाम, पाण्याची सोय, पंखा, दुचाकी अशा गोष्टींवरून गुण काढतात आणि त्यांवरून लोकसंख्येचे पाच समान गट पाडतात.

समूहन म्हणजे क्लस्टरिंग. यात सारख्या स्वरूपाचे तालुके एका गटात येतात (प्रश्न ११). समाश्रयण म्हणजे रिग्रेशन. बाकीचे चल स्थिर धरून एका चलाचा संबंध मोजायचा असेल तेव्हा ते वापरतात. चौथी पद्धत संमिश्र निर्देशांकाची, म्हणजे अनेक निर्देशक मिळवून एकच आकडा काढण्याची.

नीती आयोगाचा बहुआयामी दारिद्र्य निर्देशांक या चौथ्या प्रकारातला आहे. तो मुख्य घटकांवर बेतलेला नाही, तर मोजणीच्या तत्त्वावर चालतो. आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान या तीन अंगांना एकेक तृतीयांश भार असतो आणि निर्देशक बारा असतात. ज्या कुटुंबाच्या वंचनांची भारित बेरीज एक तृतीयांश किंवा त्याहून जास्त भरते ते कुटुंब गरीब धरतात. एका घरात किती अभाव एकदम आहेत हे तो पाहतो, म्हणून मला तो फार मोलाचा वाटतो.

३. आकडे कुठून घ्यायचे? वेगवेगळ्या ठिकाणचे आकडे एकत्र केले तर चालतात का?

चालतात, पण प्रत्येकाचा स्वभाव ओळखून. जनगणना गावापर्यंत पोचते, मात्र शेवटची २०११ ची आहे आणि पुढचीची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. कुटुंब आरोग्य सर्वेक्षण जिल्ह्यापर्यंतच थांबतं. नमुना नोंदणी पद्धतीचे, म्हणजे एसआरएसचे, बालमृत्युदर राज्यासाठी असतात. त्यांतून जिल्ह्याचा दर काढू नये. आरोग्य खात्याची मासिक ऑनलाइन नोंद उपकेंद्रापर्यंत जाते, पण यंत्रणेपर्यंत जे पोचलं तेवढंच तिच्यात असतं. घरी झालेली आणि कुणी न नोंदवलेली प्रसूती तिथे दिसणार नाही.

२०११ ची साक्षरता आणि २०१९ चं कुपोषण एका तक्त्यात ठेवलंत तर दोन्ही वर्षं तक्त्यावरच लिहा.

४. जिल्ह्यांची नावं बदलली, नवे जिल्हे झाले. जुने-नवे आकडे कसे जुळवायचे?

नावावरून कधीच जुळवू नका. जुन्या फाइलींत उस्मानाबाद, औरंगाबाद, अहमदनगर असेल आणि नव्यांत धाराशिव, छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर. कोडवरून जुळवा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राचे ३५ जिल्हे ४९७ (नंदुरबार) ते ५३१ (सांगली) या कोडमध्ये होते.

नावापेक्षा अवघड प्रश्न सीमेचा आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर वेगळा झाला. २०११ मध्ये ठाणे हा देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा होता, १ कोटी १० लाखांहून अधिक. ठाणे, कल्याण, नवी मुंबई यांच्या सरासरीत जव्हार-मोखाड्याचे पाडे बुडून जात. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं दगावली, तेव्हा ती ठाणे जिल्ह्यातली मुलं होती. त्या काळातला जिल्ह्याचा कोणताही सरासरी आकडा त्यांच्याबद्दल काही सांगू शकला नसता.

पालघर झाल्यावर हा प्रश्न सुटला, असं बरेच जण लिहितात. तसं नाही. २०११ च्या लोकसंख्येनुसार आजच्या पालघरमध्ये सुमारे ३० लाख लोक होते आणि त्यांतले १२ लाखांवर एकट्या वसई-विरार शहरात. मोखाडा तालुक्यात लाखही नाहीत. सरासरी काढताना मोखाड्याचं वजन किती उरतं ते तुम्हीच पाहा. शक्य तिथे तालुका हेच एकक घ्या. राज्याच्या समतोल प्रादेशिक विकासासाठी नेमलेल्या विजय केळकर समितीनेही २०१३ च्या अहवालात तालुका पातळीचा आग्रह धरला, आणि राज्याचा मानव विकास कार्यक्रम २२ जिल्ह्यांतल्या १२५ तालुक्यांसाठी आखला गेला तोही याच विचाराने.

५. टक्के, किलोमीटर, दर हजारी मृत्यू हे एकत्र कसे मिळवायचे?

आधी प्रमाणित करून. समजा, तालुक्यांमधल्या संस्थात्मक प्रसूतींची सरासरी ९४ टक्के, प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून साधारण किती दूर पसरलेत त्याचं माप) ४ आणि तुमच्या तालुक्याचा आकडा ८६ आहे. फरक उणे ८, भागिले ४, म्हणजे उणे २. खुज्या मुलांची सरासरी ३५, विचलन ६, तुमचा आकडा ४१. म्हणजे अधिक १. पण इथे आकडा जास्त असणं वाईट आहे, म्हणून चिन्ह उलटवायचं: उणे १. आता दोन्ही एका मापात आले.

चिन्ह उलटवायचं विसरणं ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे. अशी चूक असलेला तक्ता बैठकीच्या आदल्या रात्री माझ्या हातात आला होता. त्यात बालमृत्यू जास्त असलेले तालुके 'प्रगत' ठरले होते आणि त्या रंगांचा नकाशाही छापून झाला होता.

६. स्त्री-पुरुष प्रमाण जास्त म्हणजे चांगलंच ना?

इथे थांबून विचार करा. २०११ मध्ये रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. स्त्रियांना तिथे विशेष अनुकूल वातावरण आहे असा याचा अर्थ लावला तर चुकेल. घरातले कर्ते पुरुष मुंबईला असतात आणि गावात बायका, म्हातारी माणसं आणि मुलं राहतात. हा आकडा चाकरमान्यांच्या कोकणाचा आहे.

जन्माआधीचा भेदभाव शोधायचा असेल तर शून्य ते सहा वयोगटाचं प्रमाण घ्या. त्यात बीड ८०७ वर होतं, राज्यात सर्वांत खाली. गडचिरोली ९६१ वर होती, सर्वांत वर. बहुतेक विकास-यादींमध्ये तळाशी असलेला जिल्हा इथे सर्वांना धडा देतो. निर्देशक निवडताना त्या आकड्यामागे कोण राहतं आणि कोण बाहेर गेलं, हे विचारायलाच हवं.

७. कोणत्या निर्देशकाला किती भार द्यायचा, हे कोण ठरवतं? गणित ठरवतं असं ऐकलं.

सर्वाधिक पत्रं याच प्रश्नावर येतात, म्हणून थोडं लांब लिहितो.

समान भार देता येतो. अय्यंगार-सुदर्शन यांच्या १९८२ च्या पद्धतीने भार काढता येतो. तिच्यात ज्या निर्देशकाचं विचलन जास्त त्याला भार कमी मिळतो, म्हणजे एकच चढउतार करणारा रकाना सगळ्या निर्देशांकावर स्वार होत नाही. मुख्य घटक विश्लेषणातून (प्रश्न २) निघणाऱ्या पहिल्या नव्या रकान्यावरून, म्हणजे पहिल्या मुख्य घटकावरूनही भार काढता येतो. किंवा धोरणाने ठरवता येतो. मागास जिल्ह्यांसाठीच्या केंद्र सरकारच्या आकांक्षित जिल्हा कार्यक्रमात आरोग्य-पोषणाला ३० टक्के, शिक्षणाला ३०, शेती व जलसंपदेला २० आणि आर्थिक समावेशन-कौशल्य व पायाभूत सुविधांना प्रत्येकी १० टक्के भार आहे.

मुख्य घटक 'निःपक्षपाती' भार देतो, हा समज मात्र सोडायला हवा. जो रकाना इतर अनेक रकान्यांबरोबर हलतो, त्याला तो मोठा भार देतो. वीज, पक्कं घर, गॅस, दुचाकी एकत्र वाढतात, म्हणून त्यांना भरघोस भार मिळतो. जो रकाना एकटा हलतो त्याच्या वाट्याला थोडा येतो. मुलांचं रोडावणं बऱ्याचदा असंच एकटं असतं. त्याचा संबंध आजारपणाशी आणि हंगामाशी जास्त असतो, टीव्ही-फ्रिजशी कमी. तुम्ही तो रकाना यादीत घेता, गणित त्याचा भार शून्याजवळ नेतं आणि छापील निर्देशांकात 'पोषणाचा समावेश आहे' असं लिहिलं जातं. मूल मात्र हिशेबातून बाहेर गेलेलं असतं. मुख्य घटकाचा भार सोबतीचं माप आहे, महत्त्वाचं नव्हे. महत्त्व माणसांनी ठरवायचं असतं आणि ते ठरवल्याचं उघड सांगायचं असतं.

या बाबतीत राज्यातला प्रादेशिक असमतोल मोजणाऱ्या वि. म. दांडेकर समितीचं काम मला अजून प्रामाणिक वाटतं. १९८४ च्या अहवालात समितीने सगळं एका गुणांकात गुंडाळलं नाही. सिंचन, रस्ते, आरोग्य, पाणीपुरवठा अशा नऊ क्षेत्रांत प्रत्येक जिल्हा राज्याच्या सरासरीहून किती मागे आहे ते वेगवेगळं मोजलं आणि ती तूट भरायला लागणारी रक्कम काढली, एकूण सुमारे ३,१८७ कोटी रुपये. 'अनुशेष' हा शब्द तिथूनच घरोघरी पोचला. सरासरीशी तुलना करावी का, यावर वाद झाले आणि व्हायलाच हवेत. पण कुठलं क्षेत्र किती मागे, हे वाचणाऱ्याला लगेच कळतं.

८. आमच्याकडे ३६ जिल्हे आणि ४० निर्देशक आहेत. सॉफ्टवेअर उत्तर देतं. मग अडचण काय?

ओळींपेक्षा रकाने जास्त झाले की सॉफ्टवेअर उत्तर देतंच, पण ते उत्तर डळमळीत असतं. एक जिल्हा काढून पुन्हा चालवा आणि भार किती बदलतात ते बघा. छत्तीसांपैकी प्रत्येक जिल्हा एकेकदा वगळून क्रम पुन्हा काढला तर कोणते जिल्हे जागेवर राहतात हे अर्ध्या तासात कळतं. आठ-दहा विचारपूर्वक निवडलेले निर्देशक घ्या. एकाच गोष्टीची तीन मापं असतील तर एकच ठेवा. आर आणि पायथन या संगणकभाषा मोफत आहेत, त्यामुळे साधनांची अडचण नाही. वेळ द्यायचा तो निवडीला द्या.

९. मुंबई विश्लेषणात ठेवावी की काढावी?

दोन्ही करून पाहा आणि दोन्ही दाखवा. मुंबई शहर आणि उपनगर हे पूर्ण शहरी जिल्हे आहेत. ते आत असले की पहिला मुख्य घटक (प्रश्न ७) बहुतेक वेळा 'शहरीपणा' मोजू लागतो आणि अहवालात त्याचंच नाव 'विकास' होतं. मग नळ, फ्लश आणि बँक शाखा असलेलं सगळं पुढे आणि बाकीचं मागे पडतं.

शहरीपणा आणि विकास एक नाहीत, याचा पुरावा घरातच आहे. २०११ मध्ये शहरी लोकसंख्या गडचिरोलीत सुमारे ११ टक्के होती आणि सिंधुदुर्गात सुमारे १२.६ टक्के. साक्षरता मात्र गडचिरोलीत ७४.४ आणि सिंधुदुर्गात ८५.६ टक्के. दोन्ही जिल्हे खेड्यांचेच आहेत, पण शाळा, स्थलांतरितांनी घरी पाठवलेला पैसा, रस्ते आणि जंगल यांचा इतिहास वेगळा आहे.

१०. एका चांगल्या आकड्याने दुसरा वाईट आकडा झाकला जातो, हे कसं टाळायचं?

बेरजेऐवजी गुणाकार वापरून. एका तालुक्याचे शिक्षण आणि आरोग्याचे गुण ०.९ आणि ०.१, दुसऱ्याचे ०.५ आणि ०.५. साध्या सरासरीत दोघंही ०.५ वर येतात. गुणोत्तर माध्य, म्हणजे दोन्ही गुणांच्या गुणाकाराचं वर्गमूळ, काढलं तर पहिला ०.३ वर घसरतो आणि दुसरा ०.५ वरच राहतो. संयुक्त राष्ट्रांच्या मानव विकास निर्देशांकानेही २०१० पासून हाच बदल स्वीकारला. आरोग्याची तूट शिक्षणातून भरून निघत नाही, हे मान्य असेल तर सूत्रानेही ते मान्य करायला हवं.

११. आमचा जिल्हा १४ वा आला, शेजारचा ११ वा. हे कितपत खरं?

बहुतेक वेळा हा फरक निरर्थक असतो. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रात ३१,६४३ कुटुंबं पाहिली गेली, म्हणजे जिल्ह्यामागे सरासरी ८८० च्या आसपास. त्यांतली पाच वर्षांखालची मुलं आणखी कमी. समजा, २५० मुलं मोजली आणि ३० टक्के रोडावलेली निघाली. साध्या हिशेबानेही खरा आकडा २४ ते ३६ च्या दरम्यान कुठेही असू शकतो. सर्वेक्षणात गावं आधी निवडली जात असल्यामुळे ही पट्टी प्रत्यक्षात आणखी रुंद होते. या पट्टीत ११ वा आणि १४ वा सहज मावतात. सर्वेक्षणाच्या तक्त्यांत कंसातला आकडा दिसला तर तो २५ ते ४९ जणांवरचा असतो आणि ताराचिन्ह म्हणजे २५ पेक्षाही कमी. असे आकडे निर्देशांकात घालू नका.

क्रमाऐवजी समूहन करून पाहा. 'पाणी आहे पण पोषण नाही', 'साक्षरता आहे पण मुलींचे जन्म घटलेले', 'सगळंच अपुरं' असे गट निघाले तर त्यांवर काम आखता येतं. चौदाव्या क्रमांकावर कोणतं काम आखणार? गट पाडताना दोन जिल्हे एकमेकांपासून किती वेगळे आहेत, म्हणजे त्यांच्यातलं 'अंतर', मोजायला महालनोबिस अंतर वापरा. १९३६ मध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी मांडलेलं हे माप रकान्यांचा परस्परसंबंध हिशेबात घेतं, त्यामुळे एकच गोष्ट दोनदा मोजली जात नाही.

१२. स्त्री-साक्षरता जास्त तिथे बालमृत्यू कमी दिसले. मग साक्षरता वाढवली की मृत्यू घटतील, असं लिहू का?

'एकत्र आढळतात' एवढंच लिहा. जिल्ह्यांवरून दिसलेला संबंध माणसांबाबत खरा असेलच असं नाही. समाजशास्त्रज्ञ रॉबिन्सन यांनी १९५० मध्ये अमेरिकेची जनगणना तपासली. परदेशात जन्मलेल्यांचं प्रमाण आणि निरक्षरता यांचा सहसंबंध (दोन आकडे किती एकत्र हलतात याचं उणे १ ते अधिक १ मधलं माप) राज्यांच्या पातळीवर उणे ०.५३ निघाला आणि व्यक्तींच्या पातळीवर अधिक ०.१२. चिन्हच उलटलं. परदेशातून आलेली माणसं जास्त साक्षर राज्यांत स्थायिक झाली होती, एवढंच कारण.

काय केल्याने मृत्यू घटतात हे समजायला गावात जाऊन प्रयोग करावा लागतो. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत घरोघरी नवजात बालसेवा दिली आणि ४७ गावांशी तुलना केली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी सुमारे ६२ टक्क्यांनी कमी निघाला. आज आशाताई ज्या गृहभेटी देतात त्यांच्या मुळाशी हे काम आहे. कुठे जायचं ते बहुचल विश्लेषण सांगतं. तिथे काय चालतं ते अशी कामं सांगतात.

१३. सर्वेक्षण कधी झालं याने फरक पडतो का? आणि स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांचं काय?

खूप पडतो. महाराष्ट्रात कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचं घरोघरचं काम जून ते डिसेंबर २०१९ मध्ये झालं. पावसाळ्यात आदिवासी भागात घरातलं धान्य संपत आलेलं असतं आणि जुलाब, ताप, न्यूमोनिया वाढलेले असतात. त्याच वेळी वजन-काटा घरात गेला तर रोडावलेली मुलं जास्त दिसतील. जुलैत मोजलेला जिल्हा नोव्हेंबरात मोजलेल्या जिल्ह्याच्या शेजारी ठेवताना महिना लिहाच.

दिवाळीनंतर ऊसतोडीला आणि वीटभट्टीवर गेलेली कुटुंबं घराला कुलूप लावून जातात. कुलूप लागलेलं घर नमुन्यात असूनही उत्तर देत नाही. बीडमधल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यासमोर आला, तो कोणत्याही निर्देशांकातून आला नाही. बायका बोलल्या, पत्रकारांनी आणि कार्यकर्त्यांनी ते मांडलं, मग समिती नेमली गेली. निर्देशकांच्या यादीत जो रकाना नाही तो कितीही चांगल्या पद्धतीने दिसणार नाही.

१४. गोव्यासाठी असं विश्लेषण करता येईल का?

जिल्ह्यांवर नाही. २०११ च्या जनगणनेत उत्तर आणि दक्षिण गोवा असे दोनच जिल्हे होते आणि दोन बिंदूंतून नेहमी एकच रेषा निघते. तालुके किंवा गावं घ्या, नाहीतर कुटुंबांच्या मूळ नोंदींवर काम करा. शेजारच्या सिंधुदुर्गाचे तालुके सोबत घेतले तर चित्र अधिक भरतं. आजार आणि दवाखान्याची वाट राज्याची सीमा पाहत नाही.

१५. खरी नोंद केली तर आमचं केंद्र 'मागे' दिसतं. काय करायचं?

हा प्रश्न एका प्राथमिक आरोग्य केंद्रातून आला आणि त्याचं उत्तर देताना मला नेहमी जड जातं. जी परिचारिका प्रत्येक मुलाचं वजन नीट घेते, तिच्याकडे कुपोषित जास्त निघतात. जी अंदाजाने लिहिते, तिचा तक्ता स्वच्छ दिसतो. मासिक नोंदींवरच क्रमवारी लावली तर पहिलीला नोटीस जाते.

यावर तीन गोष्टी करता येतात. निर्देशांकात नोंदीची पूर्णता हा वेगळा रकाना ठेवा: किती मुलं अपेक्षित होती आणि किती मोजली गेली. दुसरं, केंद्राचा आकडा सर्वेक्षणातल्या जिल्ह्याच्या आकड्याशी ताडून पाहा. सर्वेक्षणात ३० टक्के आणि नोंदीत ३ टक्के असतील, तर आधी नोंद तपासायची असते. तिसरं, ज्या केंद्रात आकडा अचानक वाढला तिथे नोटिशीऐवजी माणूस पाठवा. त्याने सोबत वजन-काटा न्यावा आणि त्या परिचारिकेबरोबर दोन पाडे फिरावेत.